पहिली भाकरी सेक्रेटरीला

चंद्राबाईनं पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि बोर्डिंगचा सेक्रेटरी, पोरांपैकीच एक, नानासो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बाहेर पोरं ताटं घेऊन बसली होती.

"बाई, उद्यापास्नं तुमी भांडी घासा. भाकरीला दुसरी बाई येतीया."

"का रं? माझी भाकरी कच्ची ऱ्हाती व्हय?"

"तसं न्हाई. चार पोरांच्या घरनं बोलणं आलंय. तुमी बौद्ध..."

चंद्राबाईनं पिठाचे हात झटकले. "भांडी जल्मभर घासीन. पर ह्या कारणापायी न्हाई. ही निघाले मी." रोजी बुडणार होती, तरी तिनं पिशवी उचलली. तव्यावरची भाकरी करपत राहिली.

नानासोला एवढी सत्ता मिळाली ती अभ्यासापायी. साताऱ्याच्या कॉलेजात मधुकर सर राज्यशास्त्र शिकवीत. सामाजिक कराराचा धडा आला, तेव्हा ते पोरांना म्हणाले, घोकू नका, बोर्डिंगात करून बघा. पहिल्या विचारवंताचं म्हणणं सोपं होतं. सगळी सत्ता एकाच्या हाती द्या, नाहीतर एकमेकांची डोकी फोडाल. आणि एकदा दिलेली परत मागू नका. पोरांनी कोठीच्या किल्लीसकट सगळं नानासोच्या हवाली केलं. आमटीवरची भांडणं मिटली, हेही खरंच. सत्ता परत घेता येते म्हणणारा दुसरा विचारवंत दिवाळीनंतर शिकवायचा होता.

चंद्राबाई पिशवी घेऊन निघालेली बघून पंगतीतल्या जोतिबानं सगळं विचारून घेतलं आणि आपलं ताट पालथं घातलं.

"नानासो, किल्ली ठेव खाली."

"आरं, करार झालाय आपला! परत घ्यायचं सर दिवाळीनंतर शिकवणार हायेत."

"दिवाळीपतुर कोण थांबतंय, गड्या?"

एकेक ताट पालथं पडत गेलं. ज्यांच्या घरनं बोलणं आलं होतं, ती चार ताटं सगळ्यात शेवटी पडली, पण पडली. नानासोनं किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

"चुकलं, मावशी. थापा भाकरी."

चंद्राबाई पुन्हा चुलीपुढं बसली. लहानपणी ती आईबरोबर गावात भाकरी मागायला जायची. विटाळ नको म्हणून दारातली बाई वरूनच भाकरी टाकायची आणि आई खाली पदर पसरायची. तो अपमान ती कधी विसरली नव्हती.

तव्यावर भाकरी टम्म फुगली.

"पैली सेक्रेटरीला," ती म्हणाली.

नानासोनं ताट पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं. तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तिनं भाकरी अलगद त्याच्या तळहातावर ठेवली.

"जपून रं, गरम हाय," म्हणाली, आणि दुसरी थापायला लागली.