कायमचे आले म्हणे

"कायमचा आलोय," असं आमच्या ह्यांनी दारातच जाहीर केलं आणि पाणी घेऊन आलेल्या सासूबाई जागच्या जागी थबकल्या. थोरल्या भावजींनी आधी बॅगा न्याहाळल्या, मग विचारलं, "कायमचा म्हणजे किती दिवस?"

परदेशात फरशा बसवायला गेलेला माणूस. लग्नाची हळद उतरायच्या आत गेला, मधे दोनदा पाहुण्यासारखा येऊन गेला, आणि आता केस पांढरे करून परत. नवरा आला की घर भरल्यासारखं वाटतं म्हणे. माझ्याकडे तर शिस्तीचा भाडेकरू आला.

सकाळी बघते तर न्हाणीघराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही, आणि हे टॉवेल घेऊन बाहेर उभे! नंबर लागायची वाट बघत. जेवण झालं की आपलं ताट घासून खाटेखाली ठेवायचे, कुणी पळवेल म्हणून. तिसऱ्या दिवशी तर माझी जुनी साडी काढून खाटेभोवती पडदाच बांधला. तिकडे एका खोलीत दहा जण झोपायचे, पडद्याशिवाय डोळा लागत नाही म्हणाले.

"आणि मी पडद्याच्या कुठल्या बाजूला?" मी विचारलं. तर खरंच विचारात पडले! कपाळाला हात लावला मी.

पण पडद्याचं मी हसण्यावारी नेलं असतं. डोकं फिरायचं ते त्या 'हो'नं. भावजी म्हणाले ऊठ, की हो. सासूबाई म्हणाल्या बस, की हो. चहा गार दिला तरी "चालेल की." इतकी वर्षं मुकादमापुढे डोलवलेली मान घरी येऊनही थांबेना. नुसता नंदीबैल!

एकदाच वेगळा माणूस दिसला. स्वयंपाकघरातली उखडलेली फरशी त्यांनी बसवायला घेतली. दुकानदार स्वतः माल टाकायला आला होता. ह्यांनी एक फरशी उचलली, कडेवरून बोट फिरवलं. "ही नाही चालणार. कोपरा उडालाय. परत न्या." दुकानदारानं निमूट परत नेली. मग दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धर," म्हणाले, मी धरलं. दुपारभर आम्ही दोघं गुडघ्यांवर. संध्याकाळी पडदा आपल्या हातानं काढून साडी घडी घालून माझ्याकडे दिली. लाज सोडून सांगते, त्या दिवशी हा माणूस मला हवासा वाटला. राहू दे बाबा ह्याला, असं पहिल्यांदा मनात आलं.

भावजींच्या पोटात मात्र दुखत होतं. वरचा मजला अर्धवट, तो कोण पुरा करणार? ह्यांना न विचारताच एजंट गाठला, व्हिसा आणला, वर मिठाईही आणली. सगळ्यांना समोर बसवलं.

"तिकडे तुला मान आहे. इथे काय ठेवलंय?"

मान! दहा जणांत एक न्हाणीघर, हा तो मान.

जाऊबाई लगेच गोड झाल्या, "आमच्या पोराचं कॉलेज तुमच्याच भरवशावर हो." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझं काय, तू जिथे असशील तिथे सुखी राहा." डोळे ठणठणीत कोरडे.

मी ह्यांच्याकडे बघत होते. एक शब्द पुरे होता. फुटक्या फरशीला म्हणाला होतात ना, तोच म्हणा की! तर हे भावजींकडे बघतात, जमिनीकडे बघतात, आणि शेवटी माझ्याकडे.

"तू काय म्हणतेस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, आणि आता विचारलं ते माझ्या पदराआड लपायला! 'राहा' म्हटलं असतं तर राहिलेही असते, आणि उद्या घरभर सांगायला मोकळे, बायकोनं अडवलं म्हणून. मला नवरा हवा होता. माझ्या हुकमाचा ताबेदार घेऊन मी काय करू?

"जा," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, ठणकावून. वाटलं, आता तरी चिडतील. आता तरी ओरडतील माझ्यावर, नाही जात म्हणून.

"बरं," म्हणाले, आणि बॅग काढायला उठले.

सगळ्या जगाचं ऐकलंत हो. तेवढं एक माझं ऐकलं नसतं तर काय बिघडलं असतं?