चाकू मिटेपर्यंत

लायोल गावच्या चौकात बाबा म्हणाले, "सोलांज, गाडी थांबव. मला जाऊन यायचंय."

"घरून निघताना जाऊन आलात की."

"ब्याऐंशीची हो, मग कळेल तुला."

आज जनावरांचा बाजार होता. चौकातल्या ब्राँझच्या बैलाच्या पुतळ्याभोवती गाड्याच गाड्या लागल्या होत्या. मी कशीबशी एका भिंतीला चिकटवून गाडी उभी केली. बाबा उतरले, काठी टेकत कोपऱ्यावरून वळले. मागच्या सीटवर त्यांची बॅग होती. तिच्यात सहा सदरे, आईचा फोटो आणि घरातले लोकरी जोडे. ती बॅग भरताना मी तीनदा उठून बाहेर गेले होते. गोठ्यात काही काम नव्हतं, तरी गेले होते.

बाबांना मी वृद्धाश्रमात पोचवायला निघाले होते. खाली, लो नदीच्या काठी. मी नाही ठरवलं, त्यांनी ठरवलं. "तिथे बरं आहे," म्हणाले, "मांससुद्धा कापून देतात म्हणे. चाकू लागतच नाही."

हे चाकूचं ज्याला कळलं त्याला आमचं घर कळलं.

आमच्या ओब्राकच्या पठारावर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा चाकू असतो. जेवायला बसलं की तो निघतो, पावाशेजारी उघडा पडतो. जेवून झालं की पातं पावाच्या तुकड्याला पुसायचं आणि अंगठा आडवा धरून, आवाज न करता, हळूच मिटायचं. आवाज करण्याचा मान एकाचाच, टेबलाच्या टोकाला बसलेल्या थोरल्याचा. त्यानं आपलं पातं खटकन मिटलं की जेवण संपलं. मग तुमचा घास तोंडात असो नाहीतर काट्यावर, उठायचं. लहानपणी माझं किती चीज त्या एका खटक्यानं ताटात राहिलं!

बाबांचा चाकू त्यांच्या वडिलांचा. शिंगाची मूठ इतकी झिजलेली की मधोमध अंगठ्याला खळगा पडला होता. गेल्या पानगळीत फिर्मां काका गेले. दोघं भाऊ जन्मभर एका गोठ्यात, एका टेबलाशी. समोरासमोर बसून गायी पिळायचे आणि गाणं वाटून घ्यायचे. एक ओळ बाबांची, एक काकांची.

*ये गं ये काजळडोळे, धुकं उतरलं रानी,*
*वासरू बांधलं पायाशी, ओत चरवीत गाणी.*

शवपेटीवर झाकण पडायच्या आधी बाबा पुढे झाले, खिशात हात घातला आणि चाकू काकांच्या हाताशी ठेवला. त्या दिवसापासून ते गोल टोकाच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सुरीनं जेवू लागले. चार घास खायचे आणि आम्ही बोलत असतानाच गुपचूप उठून जायचे. मागे आम्ही बसून राहायचो. उठावं कधी, कुणालाच कळायचं नाही. माझा नवरा एकदा म्हणाला, "पाऊण तास झाला गं, रस्सा केव्हाचा संपलाय." तरी आम्ही बसलेलेच.

नव्या वर्षाला मी त्यांच्यासाठी चाकू आणला. चाकू फुकट भेट द्यायचा नसतो, माया तुटते. घेणाऱ्यानं बदल्यात एक नाणं द्यायचं, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. मी हात पुढे केला. बाबांनी खिसे चाचपले.

"सुटे नाहीत," म्हणाले.

चाकूचा डबा होता तसा कपाटात गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आश्रमाचा विषय काढला.

तर मी गाडीत बसले होते. बाबा येईनात. मी सार्वजनिक शौचालयापाशी गेले, तिथे ते नव्हते. गल्लीगल्लीत बघत पळत सुटले, आणि वळणावर ते दिसले. एका चाकूवालीच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभे होते, रागानं लाल.

"ही काय माशी आहे?" काठीनं काचेवर ठोकत म्हणाले. "बघ, बघ ना! आपल्या चाकूच्या मुठीवर कोरतात ती मधमाशी अशी असते? ही तर मटण खाऊन माजलेली गोमाशी आहे."

कित्येक महिन्यांत त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. मला तिथेच रडू येईल असं वाटलं.

आतून एक बाई बाहेर आली. चामड्याचा अंगरखा, केसांत शिंगाचा भुसा. तिचं नाव माइते, दारावर लिहिलं होतं.

"काका, बाहेरून शिव्या देताय, आत या की. आत खुर्ची आहे."

"मी घ्यायला आलो नाही."

"शिव्या द्यायला तर आलात ना? त्या बसून द्या."

बाबा आत गेले. मी दाराशीच थांबले. माझा हात पुढे झाला असता तर पुन्हा सुटे संपले असते.

आत जळक्या शिंगाचा वास होता, नाल मारताना येतो तसाच. माइतेनं एकेक चाकू फडक्यावर मांडला. बाबांनी एकाला हलका म्हटलं, दुसऱ्याला खेळणं. ऑलिव्हच्या लाकडाची मूठ पाहून विचारलं, "हे कोशिंबिरीसाठी का?" माइते हसत होती, पॉलिश करत होती, आणि मध्येच म्हणाली, "आता एकच उरलाय. तो एका गिऱ्हाईकानं सांगून करून घेतला आणि न्यायला आलाच नाही. मूठ आमच्या इथल्याच गायीच्या शिंगाची."

काळसर शिंग होतं, टोकाकडे मधासारखं उजळत गेलेलं. मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस. डोंगरात चर्च नसायचं तेव्हा गुराखी चाकू पावात उभा रोवून त्या क्रूसासमोर प्रार्थना करत. बाबांनी तो हातात घेतला. नखानं पातं ओढलं. उघडलं. प्रकाशात धरलं.

"शिंग कुठल्या गायीचं?"

"नाव नाही विचारलं, काका."

"विचारायला हवं होतं." त्यांनी मूठ गालाला लावली. "म्हातारी असणार. म्हाताऱ्या गायीचंच शिंग असं पिकतं."

मी दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिले.

"किती?"

माइतेनं किंमत सांगितली.

"एवढ्यात वासरू येतं!"

"वासरू खिशात मावत नाही."

बाबांनी पाकीट काढलं. युरोच्या नोटा थुंकी लावून मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. "डबा नको," म्हणाले, आणि चाकू उजव्या खिशात टाकला. तो खिसा पानगळीपासून रिकामा होता.

बाहेर आल्यावर म्हणाले, "भूक लागली."

मी उडालेच. ही दोन शब्दांची गोष्ट आम्ही घरात सगळ्यांनी मिळून किती दिवस ऐकली नव्हती!

खाणावळीत बाजारचे शेतकरी एका लांब टेबलाला खेटून बसले होते. आम्हाला टोकाला जागा मिळाली. आलिगोचं पातेलं आलं. बटाटा आणि चीज घोटून घोटून अशी तार धरलेली की वाढणारी बाई खुर्चीवर चढून पळी वर ओढत होती. सॉसेज आलं. बाबांनी चाकू काढला, पावावर क्रूस काढला आणि पाव कापला. मग सॉसेज, स्वतःच्या हातानं. शेजारचा लाल गालांचा माणूस बैलाचा भाव सांगत होता. बाबा त्याला म्हणाले, "फसवलं तुला," आणि पुन्हा खाऊ लागले.

मध्येच त्यांना काय वाटलं कोण जाणे. पातं पुसलं, कान तिरका केला, आणि—

खट्ट!

टेबलावरची माणसं उठली. बैलवाला उठला, त्याच्या हनुवटीवर आलिगोची तार लोंबत होती. दोन म्हातारे टोपी घालून मोकळे झाले. एकीनं भरला काटा तोंडात कोंबला आणि उभी राहिली. पलीकडे बसलेले कुणी शहरी पाहुणे मात्र आग लागली की काय म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

बाबा बावचळले. "अहो, बसा, बसा! नवीन आहे. आवाज कसा येतो ते ऐकत होतो नुसता."

"आजोबा," बैलवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "वडील आठवले मला. अर्धं सॉसेज सोडून उठलो ना!"

"मग बस आणि पुरं कर. तुझ्या वडिलांना मी सांगतो."

टेबल खदखदून हसलं. बाबांनी पातं पुन्हा उघडलं आणि ताटाशेजारी ठेवलं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पावानं पुसलं, रुमाल गाडीत होता.

चीज आलं. बाबांनी एक तुकडा घेतला, मग दुसरा. सगळ्यांचं उरकलं होतं. एकेकाचा चाकू अंगठ्याआड मुकाट्यानं मिटला. पण उठेना कुणी. सगळे बाबांच्या उघड्या पात्याकडे बघत होते. आज टेबलाचे थोरले तेच होते.

खालच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "तिथे हा चालतो का गं?"

खोटं बोलावंसं नाही वाटलं. "नाही, बाबा. धारेचं काही ठेवू देत नाहीत. दारातच काढून घेतात."

ते चीज चावत राहिले. बाजार संपत आला होता. बाहेर कुणीतरी गायी ट्रकवर चढवत होतं, त्यांच्या हंबरण्यानं खिडकीची काच थरथरत होती.

वाढणारी बाई फडकं खांद्यावर टाकून आली. "आजोबा, मिटा की आता! मला टेबल पुसायचंय. ही सगळी बैलं तुमच्यामुळे अडकलीत."

"अडकू देत," बाबा म्हणाले. "माझं झालं नाही अजून."

आणि त्यांनी तिसरा तुकडा घेतला.

मी पाठ खुर्चीला टेकली. सकाळपासून मी बसेन तिथे नुसती कडेवर टेकून होते, हे मला तेव्हा कळलं. अंगातून काहीतरी सैल सैल होत पायांपर्यंत उतरत गेलं. दूध उतरल्यावर गाय सुस्कारा टाकते ना, तसा एक सुस्कारा माझ्या तोंडून निघाला. बैलवाल्यानं वळून पाहिलं.

मग कधीतरी बाबांनी पातं पुसलं, आणि त्या खटक्यावर आम्ही सारे उठलो.

आम्ही गाडीत बसलो, निघालो. गावाबाहेर फाटा आहे. डावीकडचा रस्ता नदीकडे उतरतो, उजवीकडचा पठारावर चढतो. फाटा दिसू लागला तसे बाबा खिडकीकडे तोंड करून गुणगुणले, "ये गं ये काजळडोळे, धुकं उतरलं रानी..." आणि थांबले. काकांच्या ओळीइतकेच थांबले.

घसा साफ करून मी म्हटली ती ओळ.

"सूर चुकला," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी गायींना मीठ घालायचंय. तुझा नवरा विसरतो."

मी उजवीकडे वळले. गडबडीत सिग्नल द्यायचा राहिला, मागच्यानं कर्कश हॉर्न वाजवला.

"जाऊ दे त्याला पुढे," बाबा म्हणाले. हात खिशात होता. "आपल्याला कुठे घाई आहे."