एकाच छातीचे फोटो

तळवड्याच्या ऑफिसात नेहा एका प्रोग्रॅमला शिकवत होती. छातीचा एक्स-रे बघून फुफ्फुसात वाळूची धूळ बसली आहे की नाही, ते त्याने ओळखायचं. त्यासाठी भोसरीतल्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीच्या कामगारांचे जुने एक्स-रे मिळाले होते. नावं काढलेली, नुसते नंबर. प्रोग्रॅम बिचारा दाखवाल तेवढंच शिकतो. आपण काय दाखवतोय याचा पत्ता शिकवणाऱ्यांनाच नसेल, तर त्याला काय बोल लावणार?

त्या दिवशी त्याने वेगळीच तक्रार केली. निरनिराळ्या नंबरांचे बरेच फोटो एकाच माणसाचे आहेत, असं त्याचं म्हणणं. नंबर टाकताना घोळ झाला असेल म्हणत नेहाने ते शेजारी शेजारी उघडले. सगळ्या छात्या स्वच्छ. आणि प्रत्येकीत डावीकडचं गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं.

तो उंचवटा तिच्या ओळखीचा होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जयंतीची मिरवणूक बघताना तिची पोटरी तिथेच टेकायची.

संध्याकाळी त्याच फाउंड्रीत नोकरी केलेले तिचे वडील, लक्ष्मणराव, घरी टीव्ही बघत होते. तिने तो बंद केला.

"पप्पा, फाउंड्रीत दुसऱ्यांच्या नावावर फोटो काढायला तुम्ही उभे राहायचात?"

लक्ष्मणराव हसले. "तुला कुणी सांगितलं? अगं, फोटोत डाग दिसला की माणूस घरी. मी स्टोअरला, धुळीपासून लांब, माझी छाती साफ. तपासणीची गाडी आली की पोरं म्हणायची, लक्ष्मणराव, माझ्याऐवजी तुम्ही जा. शर्ट बदलायचा नि पुन्हा रांगेत. गाडीवाला तोंड कुठं बघतोय? किती घरांच्या चुली चालू राहिल्या."

आयुष्यात आपल्या हातून एवढं एक भलं काम झालं, असं ते मानत आले होते. नेहाला ते मोडायचं नव्हतं. पण ज्यांचे खरे फोटो कधी निघालेच नाहीत, ती माणसं अजून याच गल्ल्यांत खोकत होती आणि त्यांची नावं फक्त पप्पांना ठाऊक होती. त्यांच्या नावावर साफ छाती लागली म्हणून त्यांचा आजार कुणाला कळलाच नाही, हे तिने सांगितलं.

लक्ष्मणरावांनी हातातला रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "जयसिंगच्या जागीही मीच उभा राहायचो."

जयसिंग म्हणजे भट्टीवरचा त्यांचा जिवलग दोस्त. गेल्याच वर्षी श्वासासाठी तडफडत गेला.

"त्याचा खरा फोटो निघाला असता तर वाचला असता का गं?"

खोटं नेहाच्या अगदी जिभेवर आलं होतं. "हा आजार बरा होत नाही, पप्पा," ती म्हणाली. "पण धुळीतून आधी बाहेर पडले असते, तर कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती त्यांना."

त्यांनी मान हलवली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "चल. सगळ्यांची घरं मला माहीत आहेत. एकेकाला दवाखान्यात न्यायचं, ज्याचा त्याचा फोटो काढायचा."

नेहाने स्कूटर काढली. आधी कुणाकडे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं डावीकडे, उजवीकडे करत राहिले. दार उघडलं जयसिंगच्या बायकोने, अंबुबाईंनी. या घरात आता फोटो काढायला कुणी उरलं नव्हतं.

लक्ष्मणरावांनी चपला काढल्या आणि आत जाऊन उंबऱ्याजवळच जमिनीवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "जयसिंगच्या फाइलीत जी छाती आहे, ती माझी आहे."