गाडीचा एसी आणि ह्यांचा हट्ट

गॅरेजचं नाव काढलं की आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. नरोलीच्या कारखान्यातला अख्खा चिलर प्लांट ज्यांच्या हाताखाली चालतो, त्या नंदकुमार साहेबांनी गाडीचा एसी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायचा? नाकच कापलं जायचं की! आणि एसी बिघडला तोही नेमका ऐन एप्रिलमध्ये, शर्वरीला आणायच्या आठवड्यात.

शर्वरी आमची एकुलती एक. आठवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला नाशिकहून सिल्वासाला आणायचं ठरलं होतं. विहीणबाई फोनवर साखर पेरत म्हणाल्या, "एवढ्या उन्हात, एसी नसलेल्या गाडीतून नाही हो पाठवणार आम्ही. इथेच करू सगळं." मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर उखडले.

"सरळ गॅरेजला द्या गाडी! लेक तिकडेच राहिली तर बसा पाने घेऊन!"

"तो काही न बघता गॅस भरून देईल. थांब जरा, मी बघतो."

रविवारी टोकरखाड्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली बोनेट उघडलं. ह्यांनी पाइपांना साबणाचा फेस लावला, गेज लावलं, गॅस ठीक निघाला. तरी आतून हवा येईना. खालच्या मजल्यावरची मंजुषा, धुळ्याची, जाता जाता म्हणाली, "अख्खी कंपनी गार करतात काका, अन् एवढीशी गाडी नाही होऊन राहिली?" मी हसले, पण मला रडूच येत होतं.

कारण त्या गाडीवर माझा जीव. दसऱ्याला तिची पूजा मीच करते. गेल्या दसऱ्याला पूजेच्या सकाळीच शर्वरीने गोड बातमी दिली. त्या आनंदात मी टोपलीतला सगळा झेंडू कुस्करून, अक्षतांसकट, पुढच्या काचेच्या पायथ्याशी ओंजळी ओंजळीने वाहिला होता. "माझ्या लेकीला सुखरूप माहेरी आण गं बाई," असं गाडीला सांगितलं होतं. आणि तीच आता रुसून बसली.

"पूजेत माझं काही चुकलं असेल का हो?" संध्याकाळी न राहवून मी विचारलं.

"वेडी आहेस," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी भाजी घेऊन आले तर गाडी गारेगार! हे फडक्याला हात पुसत उभे होते. "तुझंच खरं," म्हणाले. "गॅरेजला नेली. कुठेतरी वायर सैल होती."

मग काय, मला आभाळ ठेंगणं झालं. मंजुषाला सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, "ह्यांनी दिवस घालवला, गॅरेजवाल्याने चुटकीसरशी केलं!" हे शेजारीच चहा पीत होते. ऐकून घेतलं आणि बशीत आणखी चहा ओतून घेतला. एरवी उखडले असते; मला नवलच वाटलं.

शर्वरी आली. कपराड्याच्या घाटात तिला चक्क शाल लागली.

धांदलीत दोन दिवस राहून गेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले. कुंडीत मातीवर काहीतरी पसरलं होतं. झेंडूच्या पाकळ्या, वाळून काळ्या पडलेल्या. त्यात कुंकू लागलेले तांदूळ, आणि सगळ्याला चिकटलेला करडा, धुळकट कापूस, गाडीच्या फिल्टरचा.

काचेखालच्या जाळीतून आत गेलेल्या माझ्याच फुलांनी गाडीची हवा कोंडली होती. कधी देवाला हात न जोडणाऱ्या माणसाने ती फुलं कचऱ्यात टाकली नाहीत. आणि मला कळू नये म्हणून, जन्मभर ज्याच्या दारात पाऊल टाकलं नाही त्या गॅरेजला श्रेय देऊन मोकळा झाला. मला भरून आलं. ह्या माणसाशी मी तीस वर्षं भांडत आलेय!

आत गेले. हे शर्वरीला आंबा कापून देत होते.

"अहो, येत्या दसऱ्याला गाडीला फुलं कुठे वाहू?"

ह्यांची सुरी थांबली. गॅलरीकडे एकदा बघितलं, आणि मान खालीच ठेवून म्हणाले,

"स्टिअरिंगवर वाहा. हवी तेवढी."