एमचा मोडका पाय

"पुढची," हेडक्लार्क म्हणाला आणि खुर्चीत आणखी रेलला.

शिक्केवाल्याने नोटांच्या अल्बमचं पान उलटलं. "अंगोला. शंभराची. तिरका लाल शिक्का, खाली दोन भोकं, नंबराच्या जागी सगळी शून्यं."

"शून्यं नीट उभी आहेत ना?"

"कवायतीला उभी केल्यासारखी."

हेडक्लार्क खुशीत हसला. काचबिंदूने त्याची नजर पार गेली त्याला दोन महिने झाले होते. आज सकाळी त्याच्या बायकोचा शिक्केवाल्याला फोन आला होता. "भावजी, सारखे त्या अल्बमवरून हात फिरवत बसतात हो. मला त्या नोटांतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही येऊन वाचून दाखवा ना." नाही म्हणायला शिक्केवाल्याला तोंड होतं कुठे? त्याने दुकानाचं शटर ओढलं. त्याआधी मात्र खणातून एक खिळा उचलून शर्टाच्या खिशात टाकला. खिळा म्हणजे शिशाचं उलटं अक्षर. असे खिळे जुळवून त्यांच्या साच्यावर तो रबरी शिक्के बनवायचा. हा खिळा इंग्रजी एमचा होता.

आता या दोघांना वेड होतं ते नमुना-नोटांचं. पोर्तुगालच्या ताब्यात कधीकाळी जे मुलूख होते, तिथे नवी नोट निघाली की बँकांना तिची ओळख पटावी म्हणून आधी नमुने धाडत. कोणी खर्चू नये म्हणून त्यावर पोर्तुगीजमध्ये 'एस्पेसिमे', म्हणजे 'नमुना', असा शिक्का हाणत, भोकं पाडत. म्हणजे जन्मात साधी काडेपेटी विकत न घेतलेल्या नोटा! एक शिक्के बनवणारा, एक शाळेतला कारकून; ते देश दोघांनी पाहिले नव्हते आणि पाहणारही नव्हते. पण तीस वर्षं दर रविवारी दोन अल्बम आणि दोन भिंगं घेऊन बसले. शिक्केवाल्याची बायको म्हणायची, "घरात एक नमुना होताच, आता जोडी झाली."

सात मुलखांच्या सात नोटा जमल्या की संच पुरा. नऊ वर्षांपूर्वी वाचनालयात संग्राहकांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि शिक्केवाल्याकडे नेमकी साओ तोमेची नव्हती. हेडक्लार्ककडे तिच्या दोन होत्या, पण तिमोरची नव्हती. शिक्केवाल्याकडे तिमोरची एक साधी, चलनातली नोट पडून होती. त्याने खिळे जुळवले, शिक्का केला, लाल शाईत बुडवून नोटेवर तिरका मारला, वर दोन भोकंही पाडली. काही नमुन्यांवर खरे नंबर असतात, त्यामुळे तीही अडचण नव्हती. रविवारी तो म्हणाला, "तिमोरची मिळाली बघ. तुझी जादाची साओ तोमे दे नि ही घे." हेडक्लार्कने ती भिंगाखाली बराच वेळ धरली. मग म्हणाला, "झकास!" प्रदर्शनाच्या वेळी मात्र स्वतःचा संच त्याने मांडलाच नाही. "तूच मांड, माझं राहू दे."

शिक्केवाल्याला सर्टिफिकेट मिळालं. 'पूर्ण संच' असं त्यावर लिहिलेलं होतं. दुकानात गल्ल्यामागे त्याने ते फ्रेम करून लावलं, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकाने वर पाहिलं की तो खणातले खिळे उगाच चाळू लागे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! कितीदा तरी तो सांगायचं ठरवून रविवारी इथे आला आणि भलतंच बोलून परत गेला. नऊ वर्षं.

"पुढची," हेडक्लार्क म्हणाला.

पुढची तिमोरची होती. शिक्केवाल्याने पान धरलं, आणि त्याच्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली. याला दिसतंय कुठे? असं त्याच्या मनात आलंसुद्धा.

"मकाऊ," तो म्हणाला. "दहाची."

"तिमोर राहिली."

"अं?"

"मकाऊच्या आधी तिमोर. अल्बम मी लावलाय रे."

 शिक्केवाल्याला स्वतःची किळस आली. आंधळ्या मित्रापुढे पानं चोरायची वेळ आली होती!  शेवटी त्याने खिशातला खिळा काढला आणि हेडक्लार्कचा हात ओढून तळव्यावर ठेवला.

हेडक्लार्कने खिळा चाचपला, फिरवला आणि अक्षरावरून अंगठा नेला. उजव्या पायाशी अंगठा थांबला. तिथे शिशाचा टवका उडालेला होता.

"अच्छा! खिळ्यावर उजवा असतो होय? कागदावर डावा उमटतो."

शिक्केवाला बघतच राहिला. "तुला... तुला ठाऊक होतं?"

"अरे बाबा, तीस वर्षं शाळेत इंग्रजी 'हेडमास्तर'चा शिक्का कोणी मारला? मीच ना? झिजला की तू नवा करून द्यायचास, पण एम तोच लंगडा. दिवसातून शंभरदा भेटायचा मला. तिमोरला जाऊन बसला म्हणून काय ओळखणार नाही?"

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीस?"

"म्हटलं, आज सांगशील, उद्या सांगशील." हेडक्लार्कने खिळा तळव्यावर फिरवला. "माझ्याकडे दोन होत्या की रे. मागितली असतीस तर तशीच दिली असती."

"फुकट मागायची लाज वाटली."

"आणि याची नाही वाटली?"

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. शिक्केवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"वहिनींना माहीत आहे?" त्याने हळूच विचारलं.

"छे! मित्राची अब्रू घरात कशाला काढू?"

शिक्केवाल्याने बाहीने डोळे पुसले. "उद्या साओ तोमे परत आणतो. ते सर्टिफिकेटही उतरवतो."

"नोट राहू दे. मला आता एक काय नि दोन काय. सर्टिफिकेटचं तुझं तू बघ."

शिक्केवाल्याने मान हलवली, मग समोरच्याला ते दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "बघतो." खिळा परत घ्यायला त्याने हात पुढे केला. त्याची बोटं लागताच हेडक्लार्कने मूठ मिटली.

"हा माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडून आलेला एवढाच अस्सल माल आहे."

 शिक्केवाल्याने पान मागे उलटलं.

"हं, वाच."

"तिमोर. वीसची. तिरका लाल शिक्का, दोन भोकं."

"काय लिहिलंय शिक्क्यावर?"

"नमुना."

"एमचा पाय?"

शिक्केवाल्याने अल्बम डोळ्यांजवळ नेला, जणू पहिल्यांदाच बघत होता. "डावा मोडलाय," तो म्हणाला.

हेडक्लार्कने मुठीतल्या खिळ्यावरून अंगठा फिरवला.

"बरोबर," तो म्हणाला. "पुढची."