नवमीची राख

चिनी नव्या वर्षाची नवमी उजाडली आणि फान जिनहुईला प्रागच्या एका पोरीची मेल आली. मेल फार नम्र होती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत जिनहुईला नम्र मेलचाच जास्त धसका बसलेला. पोरीनं लिहिलं होतं, तुमच्या साइटमुळे मला इथं बसून तुमच्याकडच्या देवळांतले कागद वाचता येतात, तुमचे उपकार कसे फेडू. फक्त एक शंका आहे. यीशान देवळाचा शेवटचा गठ्ठा उघडला की त्यात आधीच्याच गठ्ठ्याची पानं दिसतात. माझंच काही चुकत असेल तर क्षमा करा.

तिचं काही चुकत नव्हतं. जिनहुईनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच, एका हातात सोयादुधाचा पेला धरून, साइट उघडली. शेवटचा गठ्ठा म्हणून आधीचा गठ्ठा. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा तोच. किल्ली हरवली की आपण त्याच खिशात चारचारदा हात घालतो ना, तसं तिचं चाललं होतं. दूध गार झालं ते तसंच राहिलं.

जिनहुई नोकरीला होती ते चिनी धर्म आणि तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय. गावोगावच्या देवळांतले जुने कागद शोधायचे, फोटो काढायचे, नावं-तारखा लावून साइटवर चढवायचे, की जगात कुणीही बसल्या जागी फुकट वाचावं. काम पुण्याचं, पण सदा घाईचं. तिच्या वरच्या चुआंगसाहेबांचा एकच धोशा असायचा, किती देवळं झाली, किती राहिली. पुण्याच्या कामाला एवढी कसली घाई, असं त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. वर्ष संपायच्या आत यीशान देऊळ संपवा, असं त्यांनी सांगितलं आणि जिनहुईनं ते संपवलं.

यीशान देऊळ तिच्याच गावचं, तैवानातल्या मेइनुंगचं. या देवळात देव वाळूत लिहायचा. दोन फाटे असलेली विलोची फांदी एकानं धरायची, अंगात आलं की फांदी ताटातल्या वाळूवर फिरायची, दुसऱ्यानं अक्षरं मोठ्यानं म्हणायची आणि तिसऱ्यानं कुंचल्यानं उतरवून घ्यायची. फांदी धरायचा तो जिनहुईचा बाप, फान खाइशान. आख्ख्या पंचक्रोशीला चार शब्द शहाणपणाचे मिळाले ते त्याच्या हातून. घरात मात्र मुका. मुळा वाढ, दार लाव, यापलीकडे पोरांना त्याच्या तोंडून काही ऐकायला मिळालं नाही. जिनहुईला याचा राग होता, अजूनही होता, आणि बाप मेल्यावर असल्या रागाचं करायचं काय हे कुणी सांगत नाही.

शेवटचा गठ्ठा त्याच्या शेवटच्या वर्षाचा. सगळ्यात खालचा कागद तर आठवड्यावर मरण आलं असतानाचा. दोघांनी खांदे धरून त्याला उभं केलं होतं म्हणे. त्यानं लिहिलं, फांदी खाली ठेवली, घरी जाऊन अंथरूण धरलं आणि त्यातून तो उठलाच नाही. त्यानंतर देवानं कुणाचाच हात धरला नाही. अक्षरं म्हणणारा गेला, उतरवणाराही गेला. जिनहुई तेव्हा तायपेला परीक्षेत गुंतलेली, आली ती थेट अंत्यविधीला, आणि त्या दिवशी काय लिहिलं होतं हे विचारायचं तिनं आज विचारू, उद्या विचारू करत तीस वर्षं घालवली. देवाचं बोलणं वेगळं, बापाचं वेगळं, हे तिला कळत होतं. पण हात तर बापाचाच होता की नाही?

घोटाळा कसा झाला हे तिला तिथंच ओट्यापाशी उमगलं. देवळात फोटो काढायला बसली तेव्हा तिनं कॅमेऱ्याचा आवाज बंद केला होता. देवासमोर मशीन टिवटिवणं बरं दिसत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, त्या गावात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. कार्ड भरलं तेव्हा कॅमेरा ओरडलाच नाही. ती आपली कागद काचेखाली सरकवतेय, बटण दाबतेय, कागद उचलतेय. दुसऱ्या दिवशी वर्षाअखेरचं घरचं जेवण, बसला गर्दी, चुआंगसाहेबांचे मेसेजवर मेसेज. ऑफिसात घाईघाईनं सगळं साइटवर चढवताना शेवटच्या गठ्ठ्याच्या रिकाम्या जागी आधीचीच पानं गेली, आणि तिनं ते उघडूनही पाहिलं नाही.

असू दे, जाऊन पुन्हा फोटो काढू, असं म्हणत तिनं पेला ठेवला आणि तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. नवमी. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मेइनुंगमध्ये अक्षर लिहिलेला कागद कुणी पायदळी येऊ देत नाही. केराच्या डब्यात टाकणं तर दूरच. टोपल्या घेऊन असे कागद गोळा करायचे, देवळाशेजारी विटांची छोटी मनोऱ्यासारखी भट्टी असते तिच्यात अगरबत्ती लावून जाळायचे, राख वर्षभर जपायची आणि पहिल्या महिन्याच्या नवमीला वाजतगाजत नदीत सोडायची. यीशान देवळात हे काम सुंगकाकांचं. म्हातारा वर्षानुवर्षं दारोदार फिरत होता, शाळेचे पेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, फाटकी पंचांगं, सगळं वेचत. आणि फोटो काढून झाले त्या संध्याकाळी जिनहुई बॅग भरत असताना त्यानं विचारलं होतं, काम झालं का? झालं, काका. सगळं त्या जाळ्यावर गेलं? गेलंच समजा, आता जगबुडी झाली तरी हरवायचं नाही. म्हणजे कागदाचं काम संपलं म्हणायचं? आणि ही बया, मेइनुंगमध्ये जन्मलेली, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली होती, संपलं.

देवळात कुणी फोन उचलेना. सुंगकाकांकडे मोबाइल नाही. बसची वाट बघत बसणं तिला शक्यच नव्हतं, तिनं स्कूटर काढली. काउश्युंग शहराच्या बाहेर पडेपर्यंत प्रत्येक सिग्नल तिच्या मुळावर उठला. वाटेत ती स्वतःशी वाद घालत होती. देवाचे मूळ कागद असे कुणी जाळतं का? नाही जाळत. पण कागदांच्या पेटीला वाळवी लागली होती, देवळाची पंच मंडळी कुरकुरत होती. तरी देवाला विचारल्याशिवाय नाही जाळणार. पण विचारलं असेल तर? मागून कुणीतरी हॉर्न मारून शिवी हासडली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सिग्नल केव्हाच हिरवा झालाय.

देवळापुढे मिरवणूक निघायच्या बेतात होती. सनया लागल्या होत्या, ढोलवाला दोरी आवळत होता, राखेनं भरलेल्या बांबूच्या टोपल्यांवर लाल कागद चढले होते. निळा झगा घातलेले सुंगकाका तिला बघून असे हसले की त्यांचे उरलेले दात मोजता आले असते.

"आलीस! मला वाटलंच, बापाला पोचवायला पोर येणार म्हणून."

तिनं पेटी कुठंय विचारलं. त्यांनी भट्टीकडे बोट केलं. मग कौतुकानं सगळं सांगितलं: पहाटे आंघोळ करून एकेक कागद आपण स्वतः कसा ठेवला, वारा कसा नव्हता, धूर कसा सरळ वर गेला. पंचांनी देवापुढे लाकडी चंद्रकोरी टाकून कौलसुद्धा लावला, आणि तिन्ही वेळा हो आलं. साइट सगळ्यांनी पाहिली होती म्हणे. पाहिली म्हणजे काय, देवळाचं नाव आलेलं पाहिलं, फोनला हात जोडले आणि बंद केली. आतला गठ्ठा उघडून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. देवळाचं नाव दिसल्यावर आणखी काय बघायचं?

जिनहुई भट्टीच्या पायरीवर बसली. विटा गरम होत्या. क्षणभर तिला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की त्याच्या झग्याला धरून गदागदा हलवावं. मग संताप फिरून तिच्याच अंगावर आला आणि तिथंच राहिला.

मिरवणूक निघाली. ती सुंगकाकांच्या बाजूनं चालू लागली. सांगावं, आत्ताच सांगावं, नको, ढोल वाजतोय, पुलापाशी सांगू, नको, लोक आहेत. दुतर्फा मुळ्याची शेतं, दारादारात टेबलं मांडलेली, उदबत्त्या, फळं. ओळखीच्या बायका हाका मारत होत्या, काय गं जिनहुई, वाळलीस, शहरात जेवायला मिळत नाही का, आणि ती काहीतरी उत्तरं देत होती. म्हातारा आज भलताच खुशीत होता. आपण मेलो तरी आता फिकीर नाही, असं तो दोनदा म्हणाला.

नदीवर पोचल्यावर ढोलवाले पाणी प्यायला थांबले आणि मंडळी नैवेद्य मांडू लागली. सुंगकाकांनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"एक मागणं आहे. राख सोडायच्या आधी तुझ्या बापाचं ते शेवटचं पान मला वाचून दाखव. तुझ्या फोनमधून. मी त्या खोलीत ताट धरून उभा होतो त्या दिवशी. पण मला अक्षर येत नाही, आणि म्हणणारा इतका रडत होता की मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नंतर विचारायची लाज वाटली. जन्मभर अक्षरं वेचली, आता हे एवढं तरी ऐकू दे."

जिनहुईनं फोन काढला. साइट उघडली. पडद्यावर आधीच्याच वर्षाचं कुठलंतरी पान आलं, त्यात शेजाऱ्याशी सलोख्यानं वागावं असं काहीतरी होतं. ते वाचलं असतं तर म्हाताऱ्याला आयुष्यात कळलं नसतं. तो सुखानं घरी गेला असता, सुखानं मेला असता. तिनं पहिले दोन शब्द वाचलेसुद्धा. सुंगकाका डोळे मिटून, मान थोडी पुढे काढून ऐकत होते, आणि तिनं फोन खाली घेतला.

"काका, ते पान यात नाही."

"दुसरीकडे असेल."

"कुठंच नाही. त्या गठ्ठ्याचा फोटो निघालाच नव्हता. मला आज सकाळी कळलं. मी तुम्हाला झालं म्हणून सांगितलं, ते झालं नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. टोपलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा टोपलीकडे.

"म्हणजे मी जाळलं."

"मी सांगितलं म्हणून जाळलंत. दोष माझा आहे, तुमचा नाही. देवाला विचारलं तेही माझ्याच शब्दावर."

म्हाताऱ्याची बोटं टोपलीची कड चाचपत होती. मग अचानक त्याचा चेहरा उजळला. तिच्या मनगटाला धरून तो म्हणाला,

"अगं, पण मग काळजी कसली? तू होतीस ना! एकेक कागद तू काचेखाली धरलास, मी दारातून बघत होतो. शेवटचा तर किती जपून धरलास. फोटो नसेना का, तू वाचलं असशील. आठवेल तेवढं सांग. दोन ओळी सांग."

तिनं आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. कागदाचा पिवळा रंग आठवला. कोपऱ्यातलं वाळवीचं भोक आठवलं. शाई एके ठिकाणी पसरली होती, कदाचित उतरवणाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यानं. तो कागद वाकडा पडला होता तो सरळ केल्याचं आठवलं, आणि घड्याळाकडे बघितल्याचं आठवलं.

"मी नाही वाचलं, काका."

"एक ओळही नाही?"

"वेळ नव्हता. उरकायचं होतं."

सुंगकाकांनी तिचं मनगट सोडलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. कुणी दुकानात भलतीच वस्तू हातात द्यावी आणि आपण ती उलटीसुलटी करून बघावी, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"मला येत नाही गं," ते हळूच म्हणाले. "मला कुणी शिकवलंच नाही. पण तुझा बाप तुला हाताला धरून शाळेत सोडायला जायचा."

ढोल पुन्हा सुरू झाला. पंचांपैकी कुणीतरी हाक मारली, चला, वेळ झाली. सुंगकाकांनी टोपली उचलली, एक पाऊल टाकलं, थांबले, आणि ती जिनहुईच्या हातात दिली. एवढ्या कागदांची राख, पण वजन काहीच नव्हतं. तळाशी अजून कोमट होती. ती घोट्याएवढ्या पाण्यात उतरली आणि तिनं टोपली पालथी केली. राख थोडा वेळ पाण्यावर तशीच राहिली, मग वाहून गेली.