दोनदा बुडालेली लविना

बाप्तिस्म्याला नाक धरून बुडायचं की हात छातीशी घेऊन, हे लविनाला ऐन वेळी आठवेना. विचारावं तर पास्टर लूमिस तिच्याकडे बघतच नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. माणूस मक्याच्या मुलखातला. गुडघ्याच्या वर पाणी त्यांनी फक्त बायबलात पाहिलेलं. मिसिसिपीत कमरेइतकं उभं राहायचं म्हणजे कसोटी लविनाच्या श्रद्धेची नव्हती, त्यांच्याच श्रद्धेची होती.

"मुली, घट्ट धर," ते पुटपुटले.

"मी तुम्हाला धरू, की तुम्ही मला धरणार?"

"दोन्ही."

काठावर बेकर्स बेंडची सगळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून उभी होती. सगळ्यांत पुढे हुल्डा मावशी, निळ्या टोपीत. आई गेल्यापासून लविनाला तिनेच वाढवलं होतं, आणि ज्या हिमतीने तिने लविनाला वाढवलं त्याच हिमतीने ती चर्चची मदत समिती चालवायची. गावात कुणी आजारी पडलं की आधी मावशीचं सूप यायचं, मग डॉक्टर. सूप प्यायल्यावर बरेच जण डॉक्टरला नको म्हणायचे. बरं वाटायचं म्हणून नव्हे, मावशी पुन्हा सूप आणेल या भीतीने.

लविना रात्रभर झोपली नव्हती. चौदाव्या वर्षी बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलीला आपल्या पापांची उजळणी करावी लागते, आणि बाकीची पापं किरकोळ असली तरी एक ताजं होतं. कालचंच.

त्याची सुरुवात झाली होती जूनमध्ये, मावशीच्याच टोपलीने. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला नदीला मिळतो. तिथे एक होडीघर येऊन लागलं होतं. तराफ्यावर फळ्यांची खोली, छपरावर तीन कोंबड्या आणि बाजूला शिंपले उकडायची कढई. बेकर्स बेंड हे बटणांचं गाव. नदीतले शिंपले कारखान्यात जायचे आणि चाळणीसारखी भोकं पडून बाहेर यायचे. रस्त्यांवर खडीच्या जागी तेच. पण ते शिंपले काढणारी माणसं गावाला नको असत. उकडलेल्या शिंपल्यांचा वास एकदा अंगाला लागला की साबण हार मानतो.

मावशीने लविनाच्या हाती लोकरीच्या मोज्यांची टोपली दिली आणि म्हणाली, "जा, त्या बिचाऱ्यांना दे. आणि नाकाला रुमाल लावू नकोस, वाईट दिसतं. श्वास कमी घे."

होडीघराच्या दारात लविनाच्याच वयाची एक मुलगी मांडी घालून मासा सोलत होती. तिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"ही लोकर हाय?"

"हो. मावशीने स्वतः विणलेत."

"तुज्या मावशीला सांग, जूनमधी लोकर घालाया आमी काय मेंढ्या हाय का?"

ती झेला टकर. मोजे तिने ठेवून घेतले मात्र. दुसऱ्या दिवशी लविना पुन्हा गेली तेव्हा मोज्यांत वाळू भरून त्यांचा नांगर झालेला होता. लविनाला राग यायला हवा होता. ती इतकी हसली की नाल्यात पडली, आणि पडलीच आहे तर म्हणून झेलाने तिला पोहायला शिकवलं. मग पायाच्या बोटांनी चिखलातला शिंपला ओळखायला शिकवलं. मक्याच्या केसांची विडी ओढायलाही शिकवलं; त्यानंतर लविनाने ओकायचं कसं ते स्वतःच्या बळावर शिकून घेतलं.

झेलाला आई नव्हती, बापही नव्हता. होता तो आजोबा, ओटिस टकर. म्हातारा आंधळा होता. कढईत लाकडं तीच घालायची, शिंपले तीच विकायची, सुकाणूही तिच्याच हाती. म्हातारा फक्त तिथे असायचा. पण झेलाच्या घरात माणूस म्हणून तेवढा पुरत होता. लविना आली की तो म्हणायचा, "लवे, आज लाल रिबीन लावलीस व्हय?" रिबीन निळी असायची. पण लविना म्हणायची, "हो आज्जा, लाल." दिवसभरात तेवढंच एक खोटं, आणि त्याचं पाप लागतं असं तिला कधी वाटलं नाही.

मग जुलैत एका रात्री जेवताना मावशी म्हणाली, "ते होडीवरचे लोक आळशी असतात." लविनाला राहवलं नाही. "झेला आळशी नाही! आजोबांना दिसत नाही, तरी ती एकटी सगळं करते. शाळेतसुद्धा जात नाही, वेळच नसतो तिला!"

मैत्रिणीची स्तुती करावी म्हणून ती बोलली होती. मावशीने काटा खाली ठेवला. "एकटी? आंधळा म्हातारा? शाळा नाही?" आणि लविनाला मावशीच्या चेहऱ्यावर ते तेज दिसलं, जे सूप उकळताना दिसायचं.

आठवड्यात सगळं ठरलं. म्हातारा काउंटीच्या गरीबखान्यात. झेला अनाथाश्रमात, तिथल्या मिस ट्विचेल स्वतः तिला न्यायला येणार. दिवस रविवार, लविनाच्या बाप्तिस्म्यानंतरचं जेवण आटोपलं की. सगळं भल्यासाठी. यात वाईट माणूस एकही नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणूस असता तर लविनाला त्याच्यावर चिडता आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी ती धावत नाल्यावर गेली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली.

झेला शांतपणे म्हणाली, "कुणाला सांगितलंस आमचं?"

"मावशीला. फक्त मावशीला गं."

"फकस्त मावशीला! आगं, तुजी मावशी म्हंजी अख्खी कमिटी हाय!" झेलाने हातातला सुरा फळीत रोवला. "मी तुला घरात घेतली. तू त्या घराचा पत्ता वाटत फिरलीस."

"मी तुझं कौतुकच करत होते."

"मग शिव्या घालायच्या व्हत्यास! शिव्यांपायी कुणी कुणाला आश्रमात घालत न्हाई!"

आतून म्हातारा म्हणाला, "भांडू नका गं. पोर हाय, चुकली असंल. लवे, मासा तळलाय, जेवून जा."

"आज्जा, तुला दिसत न्हाई म्हणून तुला सगळी चांगली दिसत्यात!" झेला ओरडली. मग लविनाकडे पाठ करून म्हणाली, "जा तू."

लविना गेली. जाताना एवढंच ऐकू आलं, की झेला आजोबांना सांगत होती, "उद्या सकाळी सुटू. रविवारी सकाळी अख्खं गाव चर्चमधी असतं. घाटावर कुत्रं नसतंय."

हे लविनानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. या रविवारी चर्चच घाटावर येणार आहे, हे सांगायला परत वळायचा धीर तिला झाला नाही. रात्रभर जागवलं ते याने.

"पित्याच्या, पुत्राच्या..." पास्टर लूमिसनी डोळे घट्ट मिटले, लविनाला मागे झुकवलं आणि बुडवलं. वर आली तेव्हा तीच त्यांना दंडाला धरून उभं करत होती.

"प्रार्थना करू या," ते दम घेत म्हणाले. काठावरच्या सगळ्या टोप्या एकदम खाली झुकल्या.

लविनाने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि वरच्या बाजूला पाहिलं.

नाल्याच्या तोंडातून होडीघर बाहेर येत होतं.

दिवसाढवळ्या, भर प्रवाहात, छपरावर तीन कोंबड्या घेऊन. झेला मागे उभी राहून लांब वल्ह्याला अंग लावून झोंबत होती. म्हातारा पुढे पेटीवर बसला होता, सहलीला निघाल्यासारखा. झेलाने वळण घेतलं, समोर काठभर पसरलेलं गाव पाहिलं आणि ती जागच्या जागी गोठली. आता थांबता येणार नव्हतं. नदी कुणासाठी थांबत नाही.

पास्टर लूमिसची प्रार्थना लांब असे, पण आज पाय गार पडल्यामुळे ती भराभर उरकत होती. रोगी झाले, राज्यकर्ते झाले, पीकपाणी झालं. "आणि शेवटी, हे प्रभू..."

होडी अजून घाटाच्या अर्ध्यातही आली नव्हती.

"पास्टर!" लविना ओरडली. "माझं नाक बाहेर राहिलं होतं!"

"काय?"

"बुडताना. नाक कोरडं आहे माझं. नाकातलं पाप तसंच राहिलं असेल तर?"

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. दोन-तीन टोप्या वर यायला लागल्या. तेवढ्यात हुल्डा मावशीचा आवाज घुमला, ज्या आवाजाला गावातली कुत्रीसुद्धा बसत असत.

"पुन्हा बुडवा! अर्धवट काम नको. आणि मंडळी, डोळे मिटा! प्रार्थना पहिल्यापासून!"

टोप्या खाली गेल्या. पास्टरांनी दया माग​त वर देवाकडे पाहिलं आणि लविनाला पुन्हा बुडवलं. ती जितकं राहता येईल तितकं खाली राहिली. झेलाने शिकवलेला दम तिथे कामी आला. पास्टर घाबरून तिला वर ओढायला लागले तरी ती तळाशी पाय रोवून बसली. वर आली तेव्हा प्रार्थना रोग्यांपाशी पुन्हा सुरू झाली, आणि होडी घाटासमोरून सरकत होती. इतकी जवळ की कोंबड्या मोजता याव्यात.

झेलाने तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या झग्यात, चिखलाने माखलेली, कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली लविना. झेलाने जीभ बाहेर काढून दाखवली.

मग वळणाच्या झाडांनी होडी झाकून टाकली.

ती जीभ माफीची होती की रागाची? लविनाने पुढे सारा जन्म त्याच गावात काढला, बटणांच्या कारखान्यात पुठ्ठ्यावर बटणं शिवली, लग्न केलं, नातवंडं पाहिली. पण हे काही तिला ठरवता आलं नाही.

जेवणात तळलेली कोंबडी होती. लविनाला ती गिळवेना. जेवणानंतर पास्टर, मावशी आणि मिस ट्विचेल नाल्यावर गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

"लविना," पास्टर प्रेमाने म्हणाले, "तू आजच नवी झाली आहेस. खरं सांग. कुठे गेले ते?"

तिचे केस अजून ओले होते. बाप्तिस्म्यानंतर पहिल्याच दिवशी खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, हे रविवारच्या शाळेत चित्रासकट शिकवलं होतं. चित्रात ज्वाळा होत्या. लविनाने त्या ज्वाळांचा नीट विचार केला. मग म्हाताऱ्याचा विचार केला, गरीबखान्यातल्या खाटेवर, कुणी रिबीन लावून येतंय का म्हणून कान लावून बसलेला.

"वर," ती म्हणाली. "नदीच्या वरच्या अंगाला गेले."

मोटरबोटीचा मालक गस विकम तंबाखू चघळत उभा होता. त्याने लविनाकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं, जी त्याच्या जन्माआधीपासून खालीच वाहत होती. मग पिंक टाकली.

"वर म्हणती पोरगी, तर वरच गेली असतील," तो म्हणाला. "बसा. टोप्या सांभाळा."

संध्याकाळ झाली तरी बोट आली नाही. दिवेलागणीला आली तेव्हा मिस ट्विचेलच्या टोपीवरचा शोभेचा पक्षी एका पायाने लोंबत होता आणि पास्टरांना डासांनी ओळखू येऊ नये इतकं चावलं होतं. बोट वाळूच्या दांड्यावर चढून बसली होती, तासन्‌तास.

"वाळू जागा बदलती, पास्टर," गस म्हणत होता. "त्याला मी काय करणार? देवाची करणी."

मिस ट्विचेलनी जाहीर केलं, की असल्या गावात त्या पुन्हा पाऊल टाकणार नाहीत. आणि खरंच कधी टाकलं नाही.

मावशी चिखलाचे बूट दारात काढून स्वयंपाकघरात आली. नाक उन्हाने लाल झालेलं. लविना टेबलाशी उभी राहून शिक्षेची वाट बघत होती. मावशी पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली.

"गस विकम त्या दांड्यावर उभ्या आयुष्यात कधी चढला नव्हता," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"आणि इंजिन नसलेलं होडीघर प्रवाहाच्या उलट जात नाही. मी या नदीकाठी जन्मले आहे, लविना."

लविनाने मान खाली घातली. "मग तुम्ही बोटीत का बसलात?"

मावशीने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. कधीच नाही. सगळ्यांनीच मिटले तर कोण मिटत नाही ते बघायचं कुणी?" तिने टोपी पुढे सरकवली. "ती पोरगी काय ताकदीने वल्हं मारत होती! आणि म्हाताऱ्याला तिने सांगितलं असावं, काठावर लोक आहेत म्हणून. त्या खुळ्याने टोपी काढली आणि हलवायला लागला. आपण पलीकडच्या काठावर आहोत असं वाटलं त्याला. रिकाम्या काठाला सलाम करत होता."

मावशीने नाक शिंकरलं. जोरात.

"मी मनात म्हटलं, हुल्डा, हे तर एक घर चाललंय. तेवढ्यात तू नाकाचं काढलंस. मग दुसऱ्या प्रार्थनेत मी डोळे मिटले. उगाच दिसायला नको."

लविना रडायला लागली. मावशीला रडणं आवडत नसे.

"खोटं बोललीस ते पाप आहेच. आठवडाभर सगळी भांडी घासायचीस तू."

"हो, मावशी."

"आजपासून. ऊठ." मावशी स्वतःही उठली आणि खुंटीवरचं फडकं घेतलं. "घासायची तू. पुसायची मी."

सोमवारी शाळा नव्हती. लविना नाल्यावर गेली. कढईखालची राख ओली होती. काठावरून होडीवर जायची फळी जाताना ओढून घ्यायची राहिली होती, की मुद्दाम ठेवली होती, कोण जाणे. तिचं एक टोक चिखलात होतं, दुसरं नुसतंच पाण्यावर. लविनाने बूट काढले, हात पसरून तोल सांभाळत ती फळीच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि तिथे पाय सोडून बसली.